पाठ केलेले शब्द ऐनवेळी एकमेकांत का मिसळतात, आणि ते सुटे कसे करायचे

तक्रार साधारण अशी असते. रात्री वही दुसऱ्याच्या हातात देऊन पंचवीस शब्द म्हणून दाखवले, सगळे बरोबर आले. सकाळी पेपरात 'अ‍ॅडॉप्ट' म्हणजे दत्तक घेणं की जुळवून घेणं, हेच उमगत नाही. विसरलो म्हणावं तर दोन्ही शब्द ओळखीचे आहेत, दोन्ही अर्थही माहीत आहेत, पण कोणता अर्थ कोणाचा याचाच घोळ होतो. मग तीच यादी आणखी दहा वेळा घोकली जाते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच घोळ. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत पाचवीची मुलं हेच सांगतात आणि संध्याकाळी अभ्यासिकेत पोलीस भरतीची, एमपीएससीची तयारी करणारी पोरंही हेच सांगतात: "पाठ केलो होतो की मॅडम, आता दोन्ही एकच वाटलालेत."

यावर घरी, वर्गात, ट्यूशनला एकच उपाय सांगितला जातो, आणखी पाठ कर. मी इंग्रजी शिकवते आणि या उपायाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मिसळलेले शब्द त्याच क्रमानं पुन्हा घोकले तर मिसळणंच पक्कं होतं. इथं मुलाची बुद्धी कमी पडत नाही की कष्टही कमी पडत नाहीत. शब्द कोणत्या शेजाऱ्याबरोबर आणि कधी डोक्यात घातले, गाडं बहुतेक वेळा तिथं अडलेलं असतं. म्हणून दुरुस्तीही तिथंच करावी लागते.

आधी चूक नीट बघा

शब्द चुकला की आपण लाल फुली मारतो आणि पुढं जातो. त्या फुलीत काहीच माहिती नसते. फुलीऐवजी मुलानं काय उत्तर दिलं ते लिहून ठेवा. आठवडाभर एवढंच केलं तरी निम्मं निदान झालं.

नववीतल्या एका मुलाच्या वहीचं पान सांगते. डावीकडं इंग्रजी शब्द, मधे त्यानं दिलेलं उत्तर, उजवीकडं बरोबर उत्तर. त्याची उत्तरं अशी होती: बॉरो म्हणजे उसनं देणं, लेंड म्हणजे उसनं घेणं. अ‍ॅडॉप्ट म्हणजे जुळवून घेणं, अ‍ॅडॅप्ट म्हणजे दत्तक घेणं. रेझ म्हणजे उगवणं, राइझ म्हणजे वर उचलणं. मधला रकाना वरून खाली वाचला की लक्षात येतं, चुकीचं म्हणून लिहिलेलं प्रत्येक उत्तर त्याच पानावर दुसऱ्या कुणाचं तरी बरोबर उत्तर आहे. एकही अर्थ हरवलेला नाही, सगळे डोक्यात आहेत, फक्त जागा बदलून बसलेत. अशा मुलाला 'तू अभ्यास करत नाहीस' म्हणणं म्हणजे त्याच्यावर सरळ अन्याय आहे.

चुका तीन जातींच्या निघतात. पहिली, मुलाला शब्द अजिबात आठवत नाही आणि चार पर्याय समोर ठेवले तरी ओळखता येत नाही. म्हणजे तो शब्द आत शिरलाच नव्हता. दुसरी, नुसतं विचारलं तर आठवत नाही, पण पहिलं अक्षर सांगितलं किंवा पर्याय दाखवले की लगेच येतो. शब्द आत आहे, पण बाहेर काढायचा सराव नाही. तिसरी, वर सांगितलेल्या पानासारखी, एकाच्या जागी दुसरा येतो. माझ्या वर्गात हीच जात सर्वांत जास्त सापडते, म्हणून तिच्यावर अधिक लिहिणार आहे. पण पहिलीकडं दुर्लक्ष करून चालत नाही, कारण शिरताना अर्धवट राहिलेला शब्द सर्वांत आधी मिसळतो.

शब्द शिरलाच नसेल तर

नवा शब्द पहिल्यांदा ऐकला की तो काही क्षण आवाजाच्या रूपानं मनात घोळतो. मनातल्या मनात आपण तो पुन्हा म्हणतो आणि तेवढ्या वेळात तो पुढं पक्क्या स्मृतीकडं जाऊ लागतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीची, म्हणजे हातातल्या कामापुरती माहिती थोडा वेळ धरून ठेवणाऱ्या स्मृतीची, जी मांडणी केली, तिच्यात आवाज धरून ठेवणारा हा भाग वेगळा दाखवला होता. शब्द शिकण्याशी त्याचा किती जवळचा संबंध आहे, ते १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून कळतं. इटलीतल्या एका बाईंना मेंदूच्या इजेनंतर ऐकलेला आवाज क्षणभरही मनात धरता येईना. ओळखीच्या इटालियन शब्दांच्या जोड्या त्या चारचौघांसारख्याच पाठ करत, पण कानांवर पडलेले परके रशियन शब्द त्यांना जवळजवळ शिकताच येईनात.

आपल्या मुलांच्या मेंदूला काही झालेलं नसतं. पण ज्या शब्दाचा उच्चारच माहीत नाही तो मनात म्हणणार कसा? मराठी माध्यमातली पुष्कळ मुलं इंग्रजी शब्द डोळ्यांनीच पाठ करतात. लांबी साधारण एवढी, सुरुवात अशी, शेवट तसा. चित्रासारखं साठवलेलं हे ओझं सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या शब्दापुढं टिकत नाही. म्हणून आधी शब्द मोठ्यानं म्हणायला लावा, तीन-चारदा, तालात. शब्दावर देवनागरीत उच्चार लिहिला म्हणून काही शिक्षक रागावतात. मी सुरुवातीला लिहू देते. आवाज बरोबर बसला की मुलं तो लिहिणं आपोआप सोडतात.

दुसरी गोष्ट अर्थाची. फर्गस क्रेक आणि एंडेल टलविंग यांनी १९७५ मध्ये छापलेल्या प्रयोगांत लोकांना शब्द दाखवून वेगवेगळे प्रश्न विचारले. काही शब्दांबद्दल विचारलं, हा मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) आहे का? काहींबद्दल विचारलं, अमुक शब्दाशी याचं यमक जुळतं का? आणि काहींबद्दल, हा या वाक्यात बसेल का? पाठ करा असं काही प्रयोगांत सांगितलंही नव्हतं. तरी वाक्यात बसवून पाहिलेले शब्द नंतर कितीतरी जास्त लक्षात राहिले. वहीत शब्द दहा वेळा उतरवून काढताना हाताला काम असतं आणि डोकं लिपीपाशीच राहतं. त्यापेक्षा स्वतःच्या घराशी जुळणारं एक वाक्य करायला लावा. 'माय अंकल लेंट अस हिज ट्रॅक्टर' हे वाक्य ज्यानं स्वतः केलं, काकाचं खरंच ट्रॅक्टर आहे आणि पेरणीला ते मागून आणलं होतं, त्याला लेंड पुन्हा सांगावा लागत नाही.

मुख्य दोष: सारखे शब्द एकाच पानावर

विसरण्याच्या अभ्यासाची सुरुवात जर्मन संशोधक हर्मान एबिंगहाउस यांच्यापासून सांगितली जाते. १८८५ साली त्यांनी आपल्या प्रयोगांचं पुस्तक काढलं. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या ते स्वतःच पाठ करत आणि ठरावीक वेळानं त्या पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात ते मोजत. एका दिवसानंतर वाचणारे श्रम जेमतेम एक-तृतीयांश. 'चोवीस तासांत माणूस दोन-तृतीयांश विसरतो' हे शिबिरांमधून ऐकवलं जाणारं वाक्य तिथूनच आलं.

पण या गोष्टीचा पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही, आणि आपल्या कामाचा तोच आहे. १९५७ मध्ये अमेरिकेतले बेंटन अंडरवुड यांनी अशा पुष्कळ प्रयोगांचे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहिले. ज्यांनी प्रयोगशाळेत आधीच कितीतरी याद्या पाठ केल्या होत्या, ते नवी यादी दिवसभरात सुमारे तीन-चतुर्थांश विसरत. ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एक यादी पाठ केली होती, ते त्याच वेळात पावभागच विसरत. वेळ तेवढाच, माणसंही साधारण सारखी, फरक फक्त आधीच्या सारख्या याद्यांचा. एबिंगहाउस यांनी अशा असंख्य याद्या पाठ केल्या होत्या, म्हणून त्यांचं विसरणंही इतकं वेगवान दिसलं. विसरायला काळ लावतो यापेक्षा त्या काळात आधी-नंतर शिकलेलं लावतं, असं जॉन मॅगिओ यांनी १९३२ मध्येच मांडलं होतं. मानसशास्त्रात याला व्यत्यय म्हणतात. जुनं शिकलेलं नव्याला अडवतं आणि नवं शिकलेलं जुन्याला. नवं जुन्याला अडवतं हे तर ग्योटिंगेनच्या म्युलर आणि पिल्झेकर यांनी १९०० मध्येच दाखवलं होतं.

आता आपली गाईडं उघडा. एका पानावर 'आनंदी'साठी हॅपी, ग्लॅड, चिअरफुल, जॉयफुल, डिलाइटेड. पुढच्या पानावर गोंधळात टाकणाऱ्या जोड्या, अ‍ॅफेक्ट-इफेक्ट, अ‍ॅडॉप्ट-अ‍ॅडॅप्ट, प्रिन्सिपल नावाचे दोन. त्यानंतर विरुद्धार्थी. छापणाऱ्याला ही मांडणी सोयीची, शिकवणाऱ्यालाही सोयीची. शिकणाऱ्याला मात्र यापेक्षा अवघड मांडणी शोधून सापडायची नाही. थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये हे तपासलं. शिकणाऱ्यांना काही बनावट नवे शब्द अर्थाला जोडून पाठ करायला दिले. एका गटातल्या शब्दांचे अर्थ एकाच जातीचे होते, दुसऱ्या गटातल्या अर्थांचा आपसात काही संबंध नव्हता. एकाच जातीचे शब्द पाठ व्हायला जास्त फेऱ्या लागल्या. १९९७ मध्ये रॉब वॉरिंग यांनी जपानी बोलणाऱ्यांवर तोच प्रयोग करून पाहिला आणि निकाल त्याच दिशेनं आला.

समानार्थींच्या यादीत आणखी एक अडचण असते. एका जातीतल्या थोड्याच शब्दांची उजळणी केली तर त्याच जातीतले बाकीचे मागं ढकलले जातात. मायकेल अँडरसन यांनी रॉबर्ट आणि एलिझाबेथ बियॉर्क यांच्याबरोबर १९९४ मध्ये हे दाखवलं. फळांपैकी निवडक फळांचा सराव केला, तर सराव न केलेली फळं अजिबात न चाळलेल्या गटातल्या शब्दांपेक्षाही कमी आठवली. आमच्याकडं मुलं यादीतले सोपे दोन-तीन शब्द पुन्हा पुन्हा म्हणतात आणि अवघड तसेच ठेवतात. त्या सोप्या शब्दांचा सराव अवघड शब्दांना आणखी खाली नेतो.

मग शेजारी कोण असावं? आपल्याकडं सोयाबीनच्या चार ओळींत तुरीच्या दोन ओळी घेतात, कारण सोयाबीन लवकर निघतं आणि तूर मागाहून वाढते, एकाच वेळी एकाच थरातून दोघं ओढत नाहीत. शब्दांची पेरणीही अशीच असावी, शेजारचे शब्द जातीनं, आवाजानं आणि वापरानं वेगळे. पंचवीस भाज्यांची यादी पाठ करण्याऐवजी आठवडी बाजाराचा एक प्रसंग घ्या. मार्केट, क्राउडेड, बार्गेन, फ्रेश, कॅरी. यात एक जागा आहे, एक तिचं वर्णन, एक घासाघीस, एक मालाचा गुण, एक कृती. पाचही एकमेकांना धरून आहेत, पण एकाच्या जागी दुसरा बसू शकत नाही. असे प्रसंगानं जोडलेले शब्द सोपे जातात, हे टिंकहॅम यांनाच १९९७ च्या पुढच्या अभ्यासात आढळलं.

घरची भाषा आधीच आत बसलेली असते

व्यत्यय फक्त यादीच्या शेजाऱ्यांकडून येतो असं नाही. आपल्या भागात एकेका मुलाच्या डोक्यात तीन-चार भाषा असतात. तांड्यावरचं पोर घरी गोरमाटी बोलतं, शाळेत मराठी शिकतं, मग हिंदी आणि इंग्रजी. उदगीर, देवणीकडं कानडी कानांवर असते, देगलूर, धर्माबादकडं तेलुगू. नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगरच्या मोहल्ल्यांतून दखनी. ही मोठी श्रीमंती आहे, हे आधी म्हणते, कारण 'याची भाषाच वेगळी म्हणून जमत नाही' असं बोलणारे शिक्षक मी ऐकलेत आणि ते मला पटत नाही.

मात्र जुना शब्द नव्या शब्दाच्या आड येतो, तेव्हा तो ओळखता आला पाहिजे. हिंदीच्या पेपरात 'शिक्षा'चा अर्थ दंड लिहिणारं मूल मराठी बरोबर वापरत असतं. 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, हे हिंदीत वाचताना त्याच्या मनात थट्टा येणारच. 'कल' हा शब्द मागच्या दिवसालाही चालतो आणि पुढच्यालाही, पण मराठी मूल तो 'काल'कडंच ओढतं. इंग्रजीत बॉरो-लेंडचा घोळ इतका चिवट आहे, कारण मराठीत देवाणघेवाणीच्या दोन्ही बाजूंना 'उसनं'च आहे, दिशा 'घेणं-देणं' सांगतं. मुलानं 'उसनं' एवढंच पकडलं की दोन्ही इंग्रजी शब्द त्याच एका खुंटीला अडकतात.

इथला उपाय वेगळा आहे. असा शब्द मराठी अर्थाला जोडून शिकवूच नका, पूर्ण वाक्यात शिकवा. बॉरो नेहमी 'फ्रॉम'बरोबर, लेंड नेहमी 'टू'बरोबर किंवा थेट माणसाबरोबर. हिंदीतला शब्द असेल तर त्याचं हिंदी कुटुंब सोबत द्या, शिक्षा, शिक्षक, शिक्षण. म्हणजे तो दंडाच्या वाटेनं जात नाही.

मिसळलेली जोडी सुटी कशी करायची

मिसळून पक्की झालेली जोडी समोरासमोर ठेवून 'हे असं, ते तसं' समजावण्याचा मोह सगळ्यांना होतो. समजावताना मुलाला कळतंही. दुसऱ्या दिवशी परत तेच, कारण दोन्ही शब्द पुन्हा एकाच वेळी, एकाच पानावर आले. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलं. सारखे शब्द एकत्र शिकवू नयेत, एक पक्का झाल्यावर दुसरा आणावा, असा त्यांचा सल्ला आहे. मी वर्गात हेच करते.

जोडीतला एकच शब्द निवडायचा, जास्त वापरातला. समजा इफेक्ट. दुसऱ्याचं नावही काढायचं नाही, वहीत असेल तर त्या पानावर कागद चिकटवायचा. इफेक्टची तीन-चार वाक्यं करायची, दुष्काळाचा इफेक्ट, खताचा इफेक्ट, औषधाचा इफेक्ट, आणि दोन-तीन आठवडे फक्त तोच वापरायचा. विचारल्याबरोबर, न अडखळता तो आला की मग अ‍ॅफेक्ट आणायचा, वेगळ्या दिवशी आणि अगदी वेगळ्या वाक्यातून. दोन्ही एकेकटे न अडखळता येऊ लागले की मगच शेजारी ठेवून फरक दाखवायचा. तेव्हा तुलना उपयोगी पडते आणि परीक्षेत जोड्यांवरच प्रश्न येतात म्हणून ती करावीही लागते. तुलना शेवटी करायची, एवढंच माझं म्हणणं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गोंधळणाऱ्या दुसरीतल्या मुलालाही हाच क्रम लागू पडतो.

ज्यांचा अभ्यास आधीच गाईडच्या क्रमानं झालाय, त्यांनी यादी फोडावी. लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून त्यांच्या चिठ्ठ्या करा, एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला स्वतःचं वाक्य. सगळ्या चिठ्ठ्या पिसा. एकाच जातीच्या दोन चिठ्ठ्या लागोपाठ आल्या तर एक मागं सरकवा. पानाचा क्रम मोडला की 'डावीकडं वरून तिसरा' या आधारावर आठवणारे शब्द उघडे पडतात. अशा शब्दांची संख्या पाहून पुष्कळ मुलं हबकतात, पण ते आज कळलेलं बरं.

वाचू नका, विचारा

दुसऱ्या जातीच्या चुकांचा, म्हणजे आत असून बाहेर न येणाऱ्या शब्दांचा, उपाय सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी केला जाणारा आहे. वही उघडून वाचल्यानं शब्द ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचा वाटला की येतो असं वाटतं. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्दांच्या ४० जोड्या शिकवल्या. ज्यांना एकदा आलेला शब्दही पुन्हा पुन्हा विचारला गेला, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के आठवले. ज्यांना एकदा आल्यावर तो शब्द विचारणं थांबवलं, त्यांना जेमतेम एक-तृतीयांश, मग त्यांनी तो शब्द पुढं वाचलेला असो वा नसो. सर्वांत लक्षात ठेवण्यासारखं हे की आपल्याला किती आठवतील याचा अंदाज सगळ्या गटांचा जवळपास सारखाच होता, निम्मे. आपलं किती पक्कं झालंय हे आपल्याला आतून कळत नाही. म्हणून 'सगळं झालंय' म्हणणाऱ्या मुलाला वही मिटून विचारा, आणि न येणाऱ्या शब्दाला लगेच अर्थ सांगू नका. थोडा वेळ द्या.

विचारण्यात अंतर ठेवा. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हजाराहून जास्त लोकांवर हे अंतर तपासलं. परीक्षा आठवड्यावर असेल तर उजळणी एका दिवसानं, ३५ दिवसांवर असेल तर साधारण ११ दिवसांनी, ७० दिवसांवर असेल तर तीन आठवड्यांनी केली तेव्हा सर्वांत जास्त आठवलं. त्यांनी शब्दांऐवजी सामान्यज्ञानाची माहिती वापरली होती, त्यामुळं हे आकडे तंतोतंत धरू नका, पण दिशा धरा. भरतीची तारीख लांब असताना रोज तेच पान उलटणं वेळ खातं. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकारानं १९७२ मध्ये सुचवलेली पेटी इथं कामाला येते. बुटाच्या खोक्यात पाच कप्पे करा. चिठ्ठी बरोबर आली की पुढच्या कप्प्यात, चुकली की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, पुढचे लांबत जाणाऱ्या अंतरानं. खर्च शून्य आणि वीज गेली तरी चालते.

झोप कापू नका

परीक्षेच्या आदल्या रात्री तीनपर्यंत जागून शंभर शब्द करणं हा आमच्याकडं कौतुकाचा विषय असतो. १९२४ मध्ये जेनकिन्स आणि डॅलनबाख यांनी कॉर्नेल विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. पाठ केल्यानंतर आठ तास जागं राहिल्यावर त्यांना दहातला एखादाच अक्षरसमूह आठवे, आणि आठ तास झोपल्यावर निम्म्याहून जास्त. प्रयोग लहान होता, पण झोपेचा फायदा नंतरच्या पुष्कळ अभ्यासांत दिसला. निकोला द्युमे आणि गॅरेथ गॅस्केल यांनी २००७ मध्ये आणखी बारकावा दाखवला. त्यांनी इंग्रजी शब्दांसारखे बनावट शब्द शिकवले, कथीड्रलशी मिळताजुळता कथीड्रूक, असे. हे नवे शब्द जुन्या शब्दांच्या ओळखण्यात स्पर्धक म्हणून उतरले ते मधे झोप झाल्यावरच. जागेपणी तेवढेच तास गेले तरी ते घडलं नाही. म्हणजे नवा शब्द बाकीच्या शब्दांच्या गोतावळ्यात बसायला रात्र लागते.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. नवे शब्द संध्याकाळी दहा-बाराच करा, त्यानंतर तशीच दुसरी यादी उघडू नका, हवं तर गणित करा, आणि झोपा. सकाळी उठल्यावर वही उघडण्याआधी स्वतःला विचारा. सकाळी थोडा घोळ दिसला तर घाबरून पुन्हा घोकायला बसू नका. कोणता शब्द कोणाला अडवतोय ते चुकांच्या वहीत लिहा आणि त्या दोघांना वेगळे करा.

तरीही परत आलं तर

बहुतेक वेळा कारण हे असतं की ट्यूशनमध्ये, शाळेत आणि गाईडमध्ये तीच जोडी पुन्हा एकत्र समोर आली. ते आपल्या हातात नाही. तेव्हा वर्गात ऐका, पण घरी चिठ्ठ्यांचा क्रम आपलाच ठेवा. दुसरं कारण, शब्द फक्त चिठ्ठीवरच भेटतो. आठवड्यातून एकदा तरी तो बोलण्यात किंवा वाचनात भेटला नाही तर कितीही चांगली पेटी उपयोगाची नाही.

मूल मराठीतही अक्षरं उलटसुलट वाचत असेल, ऐकलेला साधा नवा मराठी शब्दही पुन्हा म्हणता येत नसेल, तर यातला कोणताही उपाय पुरेसा नाही. कान तपासून घ्या आणि वाचनाच्या अडचणी ओळखणाऱ्या तज्ज्ञांकडं न्या. उशीर करू नका.

आणि पेपर हातात असताना जोडी मिसळलीच, तर चार पर्यायांकडं टक लावून बसू नका. पर्याय म्हणजे स्पर्धक शब्दच छापून दिलेले असतात, जितके वाचाल तितके सगळे बरोबर वाटतील. पर्यायांवर तळहात ठेवा, प्रश्नातलं वाक्य पुन्हा वाचा आणि ज्या वाक्यात तो शब्द शिकला होता ते आठवा, ट्रॅक्टरचं, खताचं, बाजाराचं. वाक्य आठवलं की शब्द त्याच्याबरोबर येतो. मग हात काढा आणि तो पर्यायांत शोधा. नाहीच आठवलं तर प्रश्नाला खूण करून पुढचे पाच-सहा प्रश्न सोडवा, शक्यतो गणिताचे, आणि मग परत या. मधे वेगळ्या जातीचं काम झालं की अडवणारा शब्द पुष्कळदा बाजूला होतो.

तुमच्या वहीत कोणत्या जोड्या सारख्या मिसळतात ते चुकीच्या उत्तरासह लिहून पाठवा. मराठवाड्यातल्या मुलांच्या चुकांची यादी गोळा झाली तर तिच्यावरून शब्दांचा क्रमच नव्यानं लावता येईल, आणि तो मला पुढच्या वर्षीच्या पाचवीला वापरायचा आहे.